शाळेतल्या भूकंपमापकाची रेघ जाड होते, भूकंप दिसत नाही: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

स्प्रिंगला टांगलेलं चुंबक, त्याच्याभोवती तांब्याच्या तारेची कॉइल, छोटा ॲम्प्लिफायर आणि लॅपटॉप. जमिनीची उभी हालचाल टिपणारा असा भूकंपमापक शाळेत बसवला की काही आठवड्यांत हमखास एकच तक्रार येते. रेघ दिवसभर जाड दिसते आणि बातम्यांत आलेला भूकंप त्या जाडीत सापडतच नाही. यावर बहुतेक जण आधी ॲम्प्लिफायरचा गेन (संकेत किती पट मोठा करायचा ते) वाढवतात, आणि तिथेच चुकतात. गेन वाढवला की भूकंप आणि गोंगाट दोन्ही सारखेच मोठे होतात. भूकंप त्यातून वर येत नाही, उलट खरोखर मोठा आला तर आलेख वरून-खालून कापला जातो. म्हणून खालची तपासणी पूर्ण होईपर्यंत गेनच्या स्क्रूला हात लावू नका.

खानदेशात ही जाडी बहुतेक वेळा यंत्राच्या आतून येत नाही. ती विजेतून, उन्हातून, काळ्या मातीतून आणि रेल्वेतून येते.

लक्षणं आधी नीट लिहून काढा

नुसतं "रेघ खराब येते" म्हणून भागत नाही. पुढीलपैकी नेमकं काय दिसतं ते ठरवा. दोन-तीन लक्षणं एकत्रही असतात.

- सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत रेघ जाड, पहाटे दोन ते चारच्या दरम्यान बारीक.
- ठरावीक काही तास एकसारखी जाड, मग कात्रीने कापल्यासारखी एकदम बारीक.
- एक-दोन मिनिटं हळूहळू फुगते, तशीच ओसरते. दिवसातून अनेकदा.
- जाडी कमी, पण अख्खी रेघ दुपारभर सावकाश वर किंवा खाली सरकते.
- संथ, एकसारख्या लाटा तासन्‌तास. पाहणाऱ्याला लांबचा भूकंप वाटावा अशा.
- रेघ बारीक आणि स्वच्छ, पण जवळ पाय आपटला तरी जेमतेम हलते.
- भूकंप दिसतो, पण वेळ भूकंपांच्या आंतरराष्ट्रीय यादीशी जुळत नाही.

पहिली तपासणी: फक्त घड्याळ

खर्च शून्य, यंत्राला हातही लावायचा नाही. मागच्या सात दिवसांचे चोवीस तासांचे आलेख एकाखाली एक लावा. रोज त्याच वेळी जाडी येत असेल तर कारण माणसांच्या वेळापत्रकात आहे.

कापल्यासारखी सुरू होऊन थांबणारी पट्टी दिसली की गावातली थ्री फेजची वेळ विचारा. शेतीपंपांची वीज दिवसा आणि रात्री आलटून-पालटून येते, आणि ती आली की आसपासच्या बोअर-विहिरींवरच्या मोटारी जवळपास एकदमच सुरू होतात. पाळी बदलली की आलेखावरची पट्टीही दिवसातून रात्रीत सरकते. ती तशी सरकली, तर यंत्रात काही शोधू नका. पिठाची गिरणी, जिनिंग-प्रेसिंग, पाण्याच्या टाकीची मोटार हीही अशीच ओळखू येतात.

फुगून ओसरणारी आकृती म्हणजे गाडी. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव किंवा सुरत मार्गावरच्या अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशा गावांत रुळांपासून किलोमीटरभराच्या आत यंत्र असेल तर मालगाडी दिसणारच. ते यंत्र नीट चालल्याचं लक्षण आहे. गाडीची आकृती दोन्ही टोकांना निमुळती असते. भूकंप मात्र अचानक सुरू होतो, काही वेळाने दुसरा मोठा धक्का येतो आणि मग शेपटीसारखा सावकाश विरतो. खाणीतला किंवा विहिरीतला सुरुंग अगदी छोटा, काही सेकंदांचा, बहुधा दिवसाउजेडी. रात्री तीनला सुरुंग उडत नाहीत, हे वर्गीकरण करताना उपयोगी पडतं.

पावसाळ्यातली एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, आणि त्याच्या लाटांनी जमिनीत उठणारी ५ ते ८ सेकंदांची बारीक थरथर खानदेशपर्यंत पोचते. संवेदनशील यंत्रावर रेघ त्या महिन्यांत दिवसरात्र थोडी जाड राहते. ती घालवायची नसते. विद्यार्थ्यांना समुद्र दाखवायची ती संधी आहे.

दुसरी: वेळेचा घोळ

"भूकंप आला आणि आमच्याकडे दिसलाच नाही" या तक्रारीत बऱ्याचदा चुकीच्या तासाचा आलेख पाहिलेला असतो. आंतरराष्ट्रीय याद्या जागतिक वेळेत असतात, आपली वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. म्यानमारचा २८ मार्च २०२५ चा ७.७ चा भूकंप यादीत ०६:२० ला आहे, म्हणजे आपले ११:५०. त्यात प्रवासाचा वेळ मिळवा. जळगावपासून ते अंतर सुमारे २१०० किलोमीटर, तेव्हा पहिली लहर चार-साडेचार मिनिटांनी आणि पृष्ठभागावरून येणाऱ्या मोठ्या लाटा दहा मिनिटांच्या आसपास. शोधायचं ते ११:५४ नंतर.

लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळतंय का तेही पाहा. इंटरनेट नसेल तर साधं घड्याळ दिवसाला एक-दोन सेकंद सहज सरकतं, आणि दोन आठवड्यांत तो फरक अर्ध्या मिनिटापर्यंत जातो. एकाच यंत्रावर पी (सर्वांत आधी पोचणारी) आणि एस (तिच्यामागून येणारी) या लहरींतलं वेळेचं अंतर मोजताना त्याने बिघडत नाही, पण दोन शाळांच्या नोंदी एकत्र करून भूकंपाची जागा काढताना सगळं गणित कोसळतं.

तिसरी: पंखा, झाकण, चार्जर

तिन्ही एकाच तासात करा, पण एका वेळी एकच बदल आणि मध्ये दहा मिनिटं थांबा. एकदम सगळं बदललं तर गुण कशाने आला ते कळत नाही.

खोलीतला पंखा बंद करा. छताचा पंखा पूर्ण वेगात सेकंदाला पाच-सहा फेरे घेतो आणि ती थरथर भिंतीतून फरशीत उतरते. शिवाय वारा थेट टांगलेल्या वजनाला लागतो. यंत्रावर झाकण असलंच पाहिजे: पारदर्शक नळी वरून बंद, आणि तिच्यावर थर्माकोलचा खोका. नुसती नळी पुरत नाही, कारण नळीच्या आतली हवाही एका बाजूने तापली की फिरू लागते.

मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. रेघ लगेच बारीक झाली तर गोंगाट विजेचा आहे. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा ॲडॉप्टर लावून काम भागवलेलं असतं, तिथे हे हमखास सापडतं. अर्थिंग असलेला सॉकेट वापरा. तेवढ्यानेही जाडी राहिली तर पाचव्या तपासणीवर या.

चौथी: कोळी, मुंगी, धूळ आणि घासणारं चुंबक

रेघ स्वच्छ पण निर्जीव असेल तर टॉर्च घेऊन नळीच्या आत पाहा. वजनापासून नळीपर्यंत कोळ्याचा एक धागा असला तरी हालचाल मंदावते. चुंबक आणि कॉइल यांच्या मधल्या फटीत लोखंडाचा कीस अडकतो, कारण चुंबक तो जमिनीवरून उचलतं. कीस कपड्याने निघत नाही. चिकटपट्टीचा चिकट भाग लावून उचला.

मग चौकट ओळंब्यात आहे का ते तपासा. टांगलेलं चुंबक नेहमी सरळ खाली लोंबतं, पण कॉइल चौकटीला जखडलेली असते. मीटरभर उंचीची चौकट वरच्या टोकाला एक मिलिमीटर कलली, की चुंबक कॉइलच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकतं. सगळी फटच दोन-तीन मिलिमीटरची असते. काळ्या मातीवरच्या खोलीत हे वर्षातून दोनदा ठरलेलं: उन्हाळ्यात माती भेगाळली की एकदा, आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात ती फुगली की पुन्हा. एप्रिलच्या शेवटी आणि जुलैच्या सुरुवातीला ओळंबा लावून पायाचे स्क्रू जुळवायचे, हे शाळेच्या वार्षिक नियोजनातच लिहून ठेवा.

आता अवमंदन, म्हणजे वजनाचे झोके थांबवणारी व्यवस्था. वजन पाच मिलिमीटर खाली ओढून सोडा. ते एकदा मध्यबिंदूच्या किंचित पलीकडे जाऊन थांबायला हवं. पाच-सहा झोके घेत असेल तर प्रत्येक मोटारसायकलमागे यंत्र स्वतःच वाजत राहतं आणि एस लहर कधी आली ते कळत नाही. तांब्याच्या नळीत फिरणारं दुसरं चुंबक असेल तर ते नळीबाहेर सरकलेलं असतं. परत मध्ये आणा. तेलात बुडणारी पट्टी असेल तर उन्हाळ्यात तेल पातळ होतं, हिवाळ्यात घट्ट. खानदेशच्या ४५ अंशांत तेलाचा नाद सोडावा आणि तांब्याची नळी बसवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. १५ अंश तापमान वाढलं तरी तांब्याचं अवमंदन सहा टक्क्यांच्या आसपासच घटतं.

पाचवी: यंत्र दोन भागांत तोडून पाहणं

सगळ्या तपासणीतली ही सर्वांत मोलाची. वीस मिनिटं, एक कागदाची घडी आणि एक रेझिस्टर, एवढंच लागतं.

आधी वजन आणि नळी यांच्यामध्ये कागदाची घडी हलकेच सरकवून वजन जखडा. लोखंडी काही वापरू नका, चुंबक ते हिसकावून घेईल आणि कॉइल फाटेल. वजन जखडल्यावर रेघ बारीक झाली तर जाडी खरोखर हालचालीची होती: जमीन, इमारत किंवा हवा. तशीच जाड राहिली तर ती विजेची आहे.

तशीच राहिली तर कॉइलच्या दोन्ही तारा ॲम्प्लिफायरपासून काढा आणि त्यांच्या जागी कॉइलइतक्याच ओहमचा रेझिस्टर लावा. कॉइलचा रोध आधी मल्टिमीटरवर मोजून घ्या. अंदाजासाठी: ०.२ मिमी तारेचे १००० वेढे, ३ सेंमी व्यास, तर सुमारे ५० ओहम. मीटर अनंत दाखवत असेल तर तार तुटली आहे, आणि बहुधा ती डाग दिलेल्या ठिकाणीच तुटते. रेझिस्टर लावल्यावर रेघ बारीक झाली, तर गोंगाट कॉइल किंवा तिची केबल हवेतून उचलते आहे. तरीही जाड, तर दोष ॲम्प्लिफायर, त्याचा पुरवठा किंवा संकेताचे आकडे करून लॅपटॉपला देणारं कार्ड यांत. १० बिटांच्या कार्डावर, म्हणजे ० ते १०२३ आकड्यांत, शांत यंत्राचा आकडा ५१२ च्या जवळ उभा राहतो आणि रेझिस्टर लावलेला असताना एक-दोनपेक्षा जास्त हलत नाही.

सहावी: केबल आणि पन्नास हर्ट्‌झचं सोंग

कॉइलपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची तार जाळीदार आवरणाची घ्या, शक्य तितकी आखूड, आणि आवरण फक्त ॲम्प्लिफायरच्या बाजूला जोडा. दोन्ही टोकांना जोडलं तर त्याचंच वेटोळं तयार होऊन विजेचा गुणगुणाट वाढतो. तार विजेच्या वायरिंगला समांतर नको. आडवी जाऊ द्या.

संथ, एकसारख्या लाटांचं लक्षण इथे सुटतं. आपल्या विजेची वारंवारता नेमकी ५० नसते, ती ४९.९ ते ५०.०५ हर्ट्‌झच्या आसपास फिरते. कार्ड सेकंदाला ५० किंवा २५ नमुने घेत असेल, तर ४९.९५ हर्ट्‌झचा गुणगुणाट आलेखावर ०.०५ हर्ट्‌झची, म्हणजे २० सेकंदांची लाट होऊन बसतो. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या पृष्ठलहरींचा आवर्तकाळ नेमका तेवढाच. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, त्यातलाच हा प्रकार. खोटं सोंग ओळखायची खूण: गावात भारनियमन असताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा. लाटा गेल्या तर त्या जमिनीच्या नव्हत्या.

असा गुणगुणाट नोंद झाल्यावर संगणकात गाळता येत नाही, कारण तोवर तो खऱ्या लाटेच्या रूपात मिसळलेला असतो. कार्डाच्या आधीच अडवायला हवा. १० किलोओहम रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरड कपॅसिटर यांचा एक टप्पा साधारण १६ हर्ट्‌झच्या वरचं कापू लागतो आणि ५० हर्ट्‌झला एक तृतीयांशावर आणतो. कपॅसिटर ध्रुव नसलेला घ्या. असे दोन टप्पे, मध्ये बफर (एका टप्प्याचा भार दुसऱ्यावर पडू न देणारी जोडणी) ठेवून, लावले तर दहावा हिस्सा उरतो. शेतीपंपांच्या चार ध्रुवांच्या मोटारी मिनिटाला १४४० च्या आसपास फेरे घेतात, म्हणजे २४ हर्ट्‌झ. सेकंदाला २० नमुने घेणाऱ्या यंत्रावर त्या ४ हर्ट्‌झच्या दिसतात. त्यांनाही याच गाळणीने थोडा लगाम बसतो.

सातवी: दुपारी सरकणारी रेघ

साध्या स्प्रिंगचा आवर्तकाळ १ सेकंद हवा असेल तर वजनाने ती २५ सेंमी ताणलेली असावी लागते. पोलाद तापलं की स्प्रिंग किंचित मऊ होते. २५ सेंमी ताणामागे दर अंशाला सुमारे ०.०६ मिलिमीटर वजन खाली उतरतं. सकाळचे २८ अंश दुपारी ४३ झाले की जवळपास एक मिलिमीटर. चुंबक कॉइलच्या मध्यातून निसटतं आणि संवेदनशीलता दुपारी कमी, रात्री पूर्ण अशी बदलत राहते.

पत्र्याच्या खोलीत हे थांबवता येत नाही. खोली बदला: उत्तरेकडची, स्लॅबची, तळमजल्यावरची, खिडकीतून ऊन न येणारी. खोक्याला पाच सेंमी जाडीचा थर्माकोल सर्व बाजूंनी लावा आणि शक्य असेल तर आत पाण्याच्या भरलेल्या चार बाटल्या ठेवा. पाणी तापायला वेळ घेतं, त्यामुळे आतलं तापमान दुपारच्या झळांबरोबर उड्या मारत नाही. वजनाची उंची एप्रिलमध्ये दुपारी न जुळवता रात्री आणि दुपार यांच्या मधल्या तापमानाला, साधारण सकाळी नऊला, जुळवा.

आठवी: जागा. सर्वांत कष्टाची आणि सर्वांत फलदायी

पाचव्या तपासणीत जाडी जमिनीची ठरली आणि घड्याळाने कारण सापडलं नाही, तर यंत्र कशावर ठेवलंय ते पाहा. टेबल, कपाट, वरचा मजला, पोकळ वाजणारी टाइल ही सगळी बाद. दोन मजली इमारत वाऱ्याने सेकंदाला पाच वेळा वगैरे डुलते आणि वरच्या मजल्यावर तेच सर्वांत जास्त जाणवतं. खिडकीजवळ मोठा कडुनिंब असेल तर वादळवाऱ्यात त्याची मुळंसुद्धा जमीन हलवतात. झाडापासून किमान त्याच्या उंचीएवढं दूर जा.

चांगला ओटा असा होतो: ४५ × ४५ सेंमीचा खड्डा काळी माती ओलांडून घट्ट मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत. त्यात काँक्रीट भरून वर फरशीच्या पातळीला सपाट करायचं. ओटा आणि खोलीची फरशी यांच्यात चहूबाजूंनी २ सेंमी फट ठेवून थर्माकोल भरायचा, म्हणजे वर्गातल्या पावलांचे दणके थेट ओट्यात जात नाहीत. काँक्रीट महिनाभर मुरू द्या, तोवरच्या कलण्यावर विश्वास ठेवू नका.

साक्री, शिंदखेडा, नंदुरबारकडे पाषाण उथळ आहे, डाईकच्या (भेगांत लाव्हा थिजून झालेल्या) काळ्या भिंती तर शेतातून वर आलेल्या दिसतात. तिथे हे काम दोन दिवसांचं. तापीकाठी मात्र, चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात, गाळ फार खोल आहे आणि मुरूम हाती लागणार नाही. दीड मीटरवर थांबा, तळ धुम्मसने घट्ट करा, ओटा रुंद करा आणि रस्ता व पंपांपासून दूर राहण्यावर भर द्या. गाळात हालचाल मोठी दिसते, गोंगाट आणि भूकंप दोन्हीही. तिथल्या आलेखाची शेजारच्या डोंगराळ तालुक्याशी थेट तुलना करू नका.

यंत्र बरं झालं हे कसं ठरवायचं

जगात ७ पेक्षा मोठे भूकंप वर्षाला साधारण पंधरा होतात. त्यांतला एकही दिसला नाही तर वर कुठेतरी काही राहून गेलं आहे. हिंदुकुशचे खोल भूकंप आपल्यासाठी उत्तम परीक्षा: अंतर सुमारे १७५० किलोमीटर, पी आणि एस लख्ख वेगळ्या, त्यांच्यात अडीच ते तीन मिनिटं. जवळच्या भूकंपासाठी पी-एसमधल्या सेकंदांना ८ ने गुणलं की किलोमीटर मिळतात. कोयना परिसरातला धक्का जळगावला ५५ सेकंदांच्या आसपास अंतर दाखवेल, पालघर-डहाणूचा धक्का धुळ्याला ३० च्या आसपास. हजार किलोमीटरच्या पुढे हा गुणाकार चालत नाही, तिथे प्रवासवेळेचा तक्ता घ्या. आणि पाच-दहा सेकंदांचं अंतर दिसलं, तर ती नोंद जपून ठेवा: १४ मार्च १९३८ ला ६ पेक्षा मोठा भूकंप सातपुड्यातच झाला होता.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

यंत्राच्या धातूच्या चौकटीला टेस्टर लावल्यावर तो पेटला, किंवा हाताला झिणझिण्या आल्या, तर प्लग काढा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनशिवाय पुन्हा लावू नका. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतंच उरतं. अर्थिंग शाळेने स्वतः उकरायचं काम नाही. वळवाच्या विजा कडाडत असताना कोणतीही तपासणी करू नका, लॅपटॉपचा चार्जर आणि नेटची तार दोन्ही काढून ठेवा.

सीलबंद जिओफोनचं (स्प्रिंग, चुंबक आणि कॉइल आतच असलेल्या बंद डबीचं) तयार यंत्र असेल तर त्याचं कवच उघडू नका. आतली स्प्रिंग एकदा वाकली की घरी सरळ होत नाही. रेझिस्टरच्या चाचणीत ॲम्प्लिफायर दोषी ठरला आणि पुरवठा बदलूनही फरक नाही, तर इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या आयटीआय किंवा तंत्रनिकेतनातल्या जाणकाराकडे न्या. बरोबर केलेल्या सगळ्या चाचण्यांचे आलेख द्या, त्याचा निम्मा वेळ वाचेल.

लोकांना हादरे जाणवले आणि तुमच्या आलेखावरही दिसले, तर आकडा काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एका यंत्रावरून केंद्र ठरत नाही. वेळ आणि आलेख जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवा, आणि अधिकृत माहितीसाठी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची नोंद पाहा. शाळेच्या भिंतीला नवी तिरपी भेग दिसली, तर आधी मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा आणि बांधकाम अभियंत्याला बोलवा.